येऊ दे त्याला

जेम्स डीनचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, हॉस्टेलला. रूममेटच्या पलंगाच्या वर पोस्टर होतं, लांब काळा ओव्हरकोट, तोंडात सिगरेट, पावसाने ओला झालेला रस्ता आणि खांदे वर आवळून चाललेला एक मुलगा. मला कित्येक महिने तो कुणी गायक वाटायचा. मग कुणीतरी सांगितलं की अरे हा अ‍ॅक्टर, तीनच पिक्चर केले मोठे आणि चोविसाव्या वर्षी गाडीच्या अपघातात गेला. तेवढं कळलं आणि मी ते विसरून गेले.

नंतर लग्न, मग अमेरिका. आम्ही लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सांता क्लारिटामध्ये राहतो. ग्रिफिथ ऑब्झर्व्हेटरीला पाहुण्यांना घेऊन जायचं हे इथल्या प्रत्येक मराठी घराचं ठरलेलं काम आहे, आणि तिथे बाहेरच्या हिरवळीवर डीनचा अर्धपुतळा आहे, कारण त्याच्या एका पिक्चरचं शूटिंग तिथे झालं होतं. तिथे उभी राहून मी फोनवर त्याच्या अपघाताबद्दल वाचलं आणि वाचता वाचता एका वाक्यावर थांबले. समोरच्या गाडीचा ड्रायव्हर तेवीस वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी होता. डावीकडे वळत होता. त्याला किरकोळ लागलं. पोलिसांनी जबाब घेऊन त्याला सोडलं आणि तो अंधारात रस्त्यावर लिफ्ट मागत मागत घरी गेला.

मामी म्हणाल्या, फोटो काढतेस ना आमचा? मी काढले. पण डोक्यात तेच राहिलं, की तो घरी गेला कसा असेल.

माझे बाबा ट्रक चालवायचे. साताऱ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे होते, खतं, साखर, सिमेंट, जे असेल ते. मी सात वर्षांची होते तेव्हा, १९८७ च्या मार्चमध्ये, पुण्याहून खताची पोती भरून येत असताना ते सातारा रस्त्यावरच्या एका फाट्याला उजवीकडे वळत होते, माल आतल्या गावातल्या सोसायटीत उतरवायचा होता. दिवस मावळायला आलेला, वळताना ऊन बरोबर काचेवर. समोरून राजदूतवर एक बावीस वर्षांचा मुलगा येत होता. तो बाबांना दिसलाच नाही. पंचनामा झाला, केस झाली, तीन वर्षं तारखा पडल्या आणि बाबा निर्दोष सुटले. सुटले त्याच महिन्यात त्यांनी गाडी सोडली आणि एका वखारीत वजनकाट्यावर कामाला लागले, ते रिटायर होईपर्यंत.

या सगळ्यातलं बाबांच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नाही. जे माहीत आहे ते आईकडून आणि थोडं काकाकडून. बाबा गेले २०१६ मध्ये.

तर ३० सप्टेंबर २०२२ ला मी रजा टाकली आणि डीन ज्या रस्त्याने गेला त्या रस्त्याने निघाले. त्या वर्षी ३० सप्टेंबरला शुक्रवार होता, १९५५ लाही शुक्रवारच होता. नवऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की मला एकटीला जायचंय. तो म्हणाला टायरमधली हवा बघून घे.

डीन निघाला हॉलिवूडमधून, व्हाइन स्ट्रीटवरच्या कॉम्पिटिशन मोटर्स नावाच्या गॅरेजवजा शोरूममधून, दुपारी सव्वाच्या सुमाराला. गाडी होती पोर्शे ५५० स्पायडर, चंदेरी रंगाची, २१ सप्टेंबरला म्हणजे जेमतेम नऊ दिवसांपूर्वी घेतलेली, अंगावर १३० नंबर रंगवलेला. टेक्सासच्या पार्श्वभूमीवरच्या एका मोठ्या पिक्चरचं त्याचं शूटिंग नुकतंच संपलं होतं आणि ते चालू असेपर्यंत स्टुडिओने त्याला रेसिंगची बंदी घातली होती, ती आता उठली होती. सलीनासच्या विमानतळावर शनिवार-रविवारी रेस होती, तिकडे निघाला होता. खरं तर पोर्शे ट्रेलरवर चढवून न्यायची असं ठरलेलं, पण नवी गाडी आहे, इंजिन थोडं मोकळं व्हायला हवं, म्हणून ऐनवेळी तो स्वतः चालवत निघाला. शेजारी पोर्शे कंपनीचा जर्मन मेकॅनिक रॉल्फ व्युथरिख. मागून फोर्डच्या स्टेशन वॅगनमध्ये रिकामा ट्रेलर ओढत त्याचे दोन मित्र, स्टंट ड्रायव्हर बिल हिकमन आणि फोटोग्राफर सॅनफर्ड रॉथ.

शर्मन ओक्सला व्हेंचुरा बुलेवार्डवर त्याने पेट्रोल भरलं, त्याचा फोटो आहे. पंपाचं पुढे फुलांचं दुकान झालं. मी तिथे दोन मिनिटं थांबले, पण शहरातल्या त्या भागात आता १९५५ चं काही शोधू नये असं मला वाटतं, नुसते सिग्नल आणि लेन बदलणं. निघाले.

शहराच्या उत्तरेला मात्र रस्ता बोलायला लागतो. आज तिथे इंटरस्टेट ५ आहे, आठ आठ लेनचा. तेव्हा होता यूएस ९९. आणि ९९ च्याही आधी, १९१५ चा, डोंगराच्या धारेधारेने वळणं घेत जाणारा जुना रिज रूट. म्हणजे एकाच डोंगरात तीन पिढ्यांचे तीन रस्ते आहेत, जसे आपल्याकडे बोर घाटात जुना रस्ता आणि त्याच्या शेजारून एक्सप्रेसवे. डीन गेला तो मधल्या पिढीचा, चार लेनचा ९९, पीरू नदीच्या अरुंद घळीतून जाणारा. त्या घळीत पुढे धरण झालं आणि सत्तरच्या दशकात पिरॅमिड लेक भरला, त्यामुळे त्याच्या शेवटच्या प्रवासातला काही रस्ता आज पाण्याखाली आहे. धरणाच्या खालचा तुकडा शिल्लक आहे. टेम्पलिन हायवेच्या एक्झिटला उतरलं की तो सापडतो, काही मैल गाडी जाते आणि मग फाटक लागतं. मागे एका हिवाळ्यात आम्ही तिथून पुढे चालत गेलो होतो. काँक्रीट तसंच आहे, मधे फटीत गवत आलेलं, आणि एवढ्या मोठ्या हायवेवर माणसाचं चालणं ऐकू येतं. मुलगी म्हणाली, आई, इथे सगळे ट्रक यायचे? मी म्हटलं हो, सगळे इथूनच.

बाबांना हा घाट फार आवडला असता. ते एकदाच इकडे आले होते, २०११ मध्ये, आणि ग्रेपवाइनचा उतार उतरताना पुढच्या सीटवर अगदी सरळ बसून होते. तेहोन पास साधारण ४,१०० फुटांवर आहे आणि तिथून रस्ता सरळ खाली सॅन वाकीन व्हॅलीत पडतो, समोर एकदम सपाट जमीन, क्षितिजापर्यंत शेतं. ट्रकवाले उजव्या लेनमध्ये गिअर पाडून हळूहळू उतरत असतात, ब्रेक गरम झाल्याचा वास काच बंद असली तरी आत येतो, आणि ब्रेक फेल झाले तर गाडी घुसवायला बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत. बाबांनी ते बघितले आणि म्हणाले, "हे बरं केलंय. खंबाटकीला असं काही नव्हतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं, एवढंच." त्या अख्ख्या प्रवासात ट्रक या विषयावर ते तेवढंच बोलले. मी तेव्हा विचारायला हवं होतं असं आता वाटतं. गाडीत आम्ही दोघंच होतो.

घाट उतरून डीन सपाटीवर आला आणि मेटलर नावाच्या वस्तीपाशी साडेतीनला हायवे पेट्रोलने म्हणजे हायवेच्या पोलिसांनी त्याला थांबवलं. ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ६५ ने चालला होता. त्याला दंडाचं तिकीट मिळालं, मागच्या फोर्डलाही मिळालं, ट्रेलर लावलेल्या गाडीला तर मर्यादा आणखी कमी होती. त्याने तिकिटावर सही केली. त्या सहीबद्दल, त्या तिकिटाबद्दल लोक खूप लिहितात, जणू नियतीने दिलेली वॉर्निंग वगैरे. दहा मैल जास्त, मोकळा रस्ता, उतरणीवरून आलेला माणूस. रोज शेकडो लोकांना असं तिकीट मिळतं आणि ते संध्याकाळी घरी जेवतात.

त्या टेक्सासवाल्या पिक्चरच्या सेटवर, काउबॉयच्या वेशात, त्याने रस्ता सुरक्षेची एक छोटी फिल्मही केली होती, त्यात तो तरुणांना सांगतो की गाडी जपून चालवा, वाचलेला जीव कदाचित माझाच असेल. मी ती पाहिलीय. हातातल्या दोरीशी चाळा करत, नजर खाली ठेवून बोलतो. माझ्या वयाच्या बाईला तो मुलगाच दिसतो, आणि मुलगाच होता. नऊ वर्षांचा असताना आई गेली, वडिलांनी त्याला आईच्या शवपेटीबरोबर ट्रेनने इंडियानाला पाठवून दिलं, तिथे फेअरमाउंट नावाच्या गावात आत्या आणि तिच्या नवऱ्याने शेतावर वाढवलं. हॉलिवूडच्या कथेत हे दोन ओळींत येऊन जातं. नऊ वर्षांचं पोर, दिवसेंदिवस चाललेली ट्रेन, आणि मागच्या डब्यात आई. मला नाही त्या दोन ओळी पटकन ओलांडता येत.

मेटलरहून सरळ गेलं की बेकर्सफील्ड. गावातून गाडी हळू न्यावी लागते म्हणून रेसवाले ते टाळायचे, डावीकडे १६६ नंबरच्या रस्त्याला वळायचे, मारिकोपाला जाऊन ३३ नंबरचा घ्यायचे आणि उत्तरेला वर यायचे. डीननेही तेच केलं. आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासात जुना रस्ता बघायचा असेल तर तो इथे आहे, कारण इथे त्याच्या डोक्यावर कुणी नवा हायवे बांधला नाही. दोन लेन, इकडून एक तिकडून एक. मारिकोपा, टाफ्ट, मॅककिट्रिक, ही तेलाची गावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंपजॅक, ते लोखंडी मान खाली वर करत राहणारे, शेकड्याने. टेकड्या उघड्या, मातीचा रंग उन्हात वाळलेल्या शेणीसारखा. टाफ्ट आणि मारिकोपाच्या मधे १९१० मध्ये लेकव्ह्यू नावाच्या विहिरीतून तेल जे उसळलं ते दीड वर्ष थांबलं नाही, सुमारे ९० लाख बॅरल बाहेर आलं, वाळूच्या पोत्यांचे बांध घालून तेलाची तळी करावी लागली. आणि मॅककिट्रिकला तर डांबर जमिनीतून आपोआप झिरपतं, ज्या डांबराचे रस्ते होतात ते रस्त्याच्या कडेलाच वर येतंय.

मी टाफ्टला थांबून डबा खाल्ला, मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी. गाडी सावलीत लावली होती तरी स्टीअरिंगला हात लाववत नव्हता. शेजारी एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर सरदारजी होते, या व्हॅलीत पंजाबी ट्रकवाले खूप आहेत. मी नमस्कार केला, ते म्हणाले कुठून, म्हटलं महाराष्ट्र. "नाशिक गया हूँ बहुत," म्हणाले, "प्याज उठाने." एक ठेपला दिला त्यांना. बाबा ट्रक चालवायचे असं सांगितल्यावर ते एकदम वेगळं बसले, म्हणजे आता घरच्या माणसाशी बोलतोय असं, आणि विचारलं कौनसी गाडी. टाटा, बारा-दहा, म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली, बराच वेळ.

ब्लॅकवेल्स कॉर्नर म्हणजे ३३ आणि ४६ चा चौक. ४६ तेव्हा यूएस ४६६ होता, अ‍ॅरिझोनातल्या किंगमनपासून समुद्रावरच्या मोरो बेपर्यंत जाणारा, आता तो नंबरच राहिला नाही. इथे एक दुकान आहे, पिस्ते बदाम मिळतात, आणि बाहेर डीनचा भलामोठा कटआउट उभा आहे, शेवटचा थांबा म्हणून. तो खरंच इथे थांबला होता. लान्स रेव्हेंटलो आणि ब्रूस केसलर हे सलीनासलाच निघालेले दोन तरुण रेसर त्याला इथे भेटले, सगळ्यांनी रात्री पासो रोब्लेसला एकत्र जेवायचं ठरवलं आणि सव्वापाचच्या सुमाराला तो पश्चिमेला निघाला.

तो जिथे निघाला होता ते सलीनास त्याच्या पहिल्या मोठ्या पिक्चरच्या कथेतलं गाव. ईस्ट ऑफ ईडन. तो हयात असताना त्याचा तेवढा एकच मोठा पिक्चर लागला, बाकीचे दोन नंतर आले. लोक हे सगळं जुळवत बसतात, मग गाडीचा शाप, मग कुणी आठवडाभर आधी केलेली भविष्यवाणी. मला त्यात जायचं नाही. आमच्याकडेही लोकांनी जुळवलं होतं, त्या फाट्याला म्हसोबा आहे, बाबांनी त्या दिवशी नारळ फोडला नव्हता. आईला हे तोंडावर सांगायला आलेल्या बायका अजून आठवतात मला.

ब्लॅकवेल्स कॉर्नरहून पुढे रस्ता हळूहळू चढतो, पोलोनियो पास येतो आणि मग डोंगर उतरून शोलॅमच्या खोऱ्यात. स्पेलिंगवरून मी कित्येक दिवस चोलामे म्हणायचे. याच खोऱ्यातून सॅन अँड्रियास फॉल्ट जातो, भूकंपाची ती मोठी भेग, आणि तेहोन पासपाशी पण तीच आहे. म्हणजे या प्रवासात ती दोनदा ओलांडावी लागते. वरून काही कळत नाही, गवत आणि गुरं. ४६ ला इथले लोक ब्लड अ‍ॅली म्हणतात, इतके अपघात झालेत, आणि रुंदीकरण कित्येक वर्षं तुकड्या तुकड्याने चाललंय.

मी मुद्दाम वेळ साधून पोचले होते, पावणेसहा. अपघात पावणेसहाला झाला. उतारावरून जंक्शन दिसलं, ४१ नंबरचा रस्ता उजवीकडून येऊन मिळतो, आणि ऊन अजून चांगलं वर होतं. मला समजेना. सगळीकडे लिहिलंय संधिप्रकाश, मावळतीचं ऊन, आणि इथे तर मावळायला तास आहे. पुढे शोलॅमला जाऊन गाडी लावली तेव्हा लक्षात आलं. इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, आता ती नोव्हेंबरमध्ये मागे जातात, पण त्या काळी कॅलिफोर्नियात सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारीच जायची. अपघाताच्या पाचच दिवस आधी ती मागे गेली होती. त्यांचे पावणेसहा म्हणजे आमचे पावणेसात.

मग एक तास होता. शोलॅम म्हणजे गाव असं नाहीच, एक कॅफे, एकेकाळचं पोस्ट ऑफिस, काही शेडं. कॅफेच्या आवारात एका झाडाभोवती स्टीलचं चकचकीत स्मारक आहे, सेइता ओनिशी नावाच्या जपानी उद्योजकाने स्वतःच्या खर्चाने १९७७ मध्ये केलेलं. काही लोक जमले होते, जुन्या गाड्या आणल्या होत्या, एक बाई लाल जॅकेट घालून आली होती आणि झाडाच्या बुंध्याशी तिने फुलं ठेवली. सगळे हळू आवाजात बोलत होते. मला ते बरं वाटलं. कुणाची तरी आठवण म्हणून इतक्या लांब येणं यात काहीच खोटं नाही.

तिथे बाकावर बसून मी त्या दुसऱ्याचा विचार केला. त्याचं नाव सगळीकडे छापलेलं आहे, मी इथे लिहीत नाही. सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉलीमध्ये शिकत होता, नेव्हीत जाऊन आलेला, शुक्रवारी कॉलेज संपवून शनिवार-रविवारसाठी घरी टुलेरीला चालला होता. १९५० ची फोर्ड. पश्चिमेकडून पूर्वेला येत होता, ४१ ला डावीकडे वळायचं होतं. ऊन त्याच्या पाठीशी होतं. पण समोरून येणारी गाडी कमरेएवढ्या उंचीची, चंदेरी, साडेपाचशे किलोची, संध्याकाळच्या करड्या रस्त्यावर, करड्या टेकड्यांच्या पुढ्यात. डीनच्या डोळ्यांवर मावळतं ऊन. तो नेमका किती वेगात होता यावर आजपर्यंत वाद आहेत, आधी ८५ म्हणायचे, तिथे पोचलेल्या हायवे पेट्रोलच्या एका अधिकाऱ्याचं मत होतं की ५५ च्या आसपास. डीनची मान मोडली, पासो रोब्लेसच्या हॉस्पिटलला नेलं तोवर सगळं संपलं होतं. रॉल्फ बाहेर फेकला गेला, जबडा मोडला, वाचला. पुढे १९८१ मध्ये जर्मनीत तोही गाडीच्या अपघातातच गेला.

कॉरोनरच्या, म्हणजे अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीने त्या विद्यार्थ्यावर काही ठेवलं नाही. त्याने गावच्या पेपरला एकदा सांगितलं की मला तो दिसलाच नाही, आणि त्यानंतर गप्प. चाळीस वर्षं. टुलेरीत त्याने इलेक्ट्रिकल कामाचा व्यवसाय केला, चांगला चालवला, संसार केला, आणि १९९५ मध्ये कॅन्सरने गेला. जगभरातले पत्रकार त्याच्या दारात येत राहिले असणार, दर दहा वर्षांनी, दर पंचवीस वर्षांनी. तो बोलला नाही.

लोक त्याला लपणं म्हणतात. मी चाळीस वर्षं नाही, पण एकोणतीस वर्षं तसं गप्प राहणं घरात पाहिलंय, आणि त्यात लपण्यासारखं काही नव्हतं. बाबा हसायचे, भांडायचे, मला अभ्यासाला बसवायचे, गणपतीत आरतीला टाळ वाजवायचे. फक्त रस्ता क्रॉस करताना त्यांचा हात माझ्या मनगटाला लागायचा आणि दूरवरून कुणी सायकलवाला येत असला, अगदी लांब, शंभर पावलांवर, तरी म्हणायचे थांब, येऊ दे त्याला. रिक्षात बसले तरी तेच. रिक्षावाला वळायला लागला की मागून आवाज, येऊ दे त्याला, मग वळ. रिक्षावाले वैतागायचे. कॉलेजात असताना मला याची लाज वाटायची, मैत्रिणींसमोर विशेष. एवढं एकच वाक्य होतं त्यांच्याकडे त्या संध्याकाळबद्दल, आणि ते मला त्यांच्या हयातीत वाक्य म्हणून ऐकूच आलं नाही.

साडेसहाला मी गाडी वळवली आणि पूर्वेला निघाले, जिकडून आले होते तिकडे. शोलॅमपासून जंक्शन साधारण मैलभर. २००५ पासून त्याला डीनचं नाव आहे, पाटी आहे. रस्ते मधल्या काळात थोडे सरकलेत, त्यामुळे आजचं जंक्शन अगदी त्याच ठिकाणी नाही. पण दिशा त्याच. आता मी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने येत होते, ऊन आरशात, समोर खोरं आणि पलीकडे पासवरून उतरणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर एका ओळीत गाड्या. मी डावीकडच्या लेनमध्ये थांबले, इंडिकेटर लावला.

खरं सांगते, दिसत नाही. म्हणजे दिवे लावलेल्या गाड्या दिसतात, मोठे ट्रक दिसतात. पण एक करडी सेडान दिवे न लावता येत होती ती मला दिसली तेव्हा ती माझ्या अंदाजाच्या निम्म्या अंतरावर होती. एका क्षणी ती टेकडीचा भाग होती आणि दुसऱ्या क्षणी गाडी. माझा पाय ब्रेकवरच होता तरी पोटात खड्डा पडला. ती गेली. मागे एक पिकअप. मग लांबवर एकच दिवा, मोटरसायकल असावी, खूप लांब, माझं दोनदा वळून झालं असतं एवढी लांब. माझ्या मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

येऊ दे त्याला, मी मोठ्याने म्हणाले, मराठीत, रिकाम्या गाडीत.

तो आला आणि गेला, हेल्मेटमधून त्याने बघितलंही नसेल. मग मी वळले.

सलीनासला जायचं असं सकाळपर्यंत डोक्यात होतं, रेसचा विमानतळ बघायचा, रात्री तिथे राहायचं, हॉटेल पण बुक केलेलं. पण मी ४१ ने उत्तरेला निघाले, टुलेरीच्या दिशेने, त्याच्या घराच्या वाटेने. हा रस्ता कुणी फॅन घेत नसावेत. अंधार झपाट्याने पडला. टेकड्या संपल्या, शेतं सुरू झाली, मैल मैल एक दिवा नाही. त्या रात्री इथे एक मुलगा अंगठा वर करून उभा असेल, नाकाला लागलेलं, कपड्यांवर रक्त, आणि जो थांबेल त्याला सांगायचं काय? अपघात झाला म्हणून सांगायचं. कुणाचा ते सांगायचं की नाही, आणि तो कोण होता हे त्याला तेव्हा कळलं तरी होतं की नाही.

केटलमन सिटीला पेट्रोल भरायला थांबले. साडेसात झाले होते, म्हणजे तिकडे सकाळचे आठ. आईला फोन लावला. तिने आधी विचारलं जेवलीस का, मग एवढ्या आवाजात कुठे आहेस. सांगितलं कामाने बाहेर आलेय. मग मी विचारलं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"आई, बाबा त्या रात्री घरी कसे आले गं?"

कुठली रात्र असं तिने विचारलं नाही. थोडा वेळ नुसता मिक्सरचा आवाज, शेजारच्या घरातला असेल.

"दुधाच्या गाडीने," ती म्हणाली. "चौकीवरून सोडलं बाराला. शेवटची एसटी गेली होती. चालत निघाले, मग पहाटे दुधाचा टेम्पो मिळाला. त्याने फाट्यावर सोडलं, तिथून चालत. मी जागीच होते. क्लीनरचा भाऊ सांगून गेला होता संध्याकाळी."

"मग?"

"आत आले नाहीत. ओट्यावर बसले. मी म्हटलं आत या, पोरं उठतील. तर म्हणाले, पाणी आण. तांब्या आणला तर प्यायले नाहीत, हातच धूत बसले. दुसरा तांब्या आणला. तिसरा आणला. उजाडेपर्यंत तेच."

"काही बोलले?"

"नाही. तू उठलीस ना मग. तू ओट्यावर गेलीस आणि त्यांच्या मांडीवर बसलीस, तुला कुठे काय माहीत. मग आत आले." ती थांबली. "तुझा फ्रॉक सगळा ओला झाला होता. शाळेला दुसरा घालावा लागला."

मागे कुणीतरी पंपाची वाट बघत होतं, मी गाडी पुढे घेऊन कडेला लावली. आई म्हणाली, चहा उतू जाईल, ठेवते, पोचलीस की मेसेज कर.